‘समजलं का?’ असं विचारून काहीच कळत नाही

(बारामती येथे महाविद्यालयीन विद्यार्थी, पालक आणि काही प्राध्यापक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला बोलावताना विषय सांगितला होता ‘उच्च शिक्षण आणि मुस्लिम युवक’. या विषयावरची इतकी भाषणं मी खाली बसून ऐकलीत की त्यातली पहिली दहा मिनिटं मला पाठ आहेत. सच्चर समिती, २००६. देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, पदव्युत्तरला पन्नासामागे एक. मग केंद्र सरकारची उच्च शिक्षणाची पाहणी: २०२०-२१ मध्ये एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिम ४.६ टक्के, त्याच्या आदल्या वर्षी ५.५ टक्के. आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४ टक्क्यांच्या वर. आकडे खरे आहेत, सांगितलेच पाहिजेत. पण हे सगळे आकडे दारापर्यंतचे आहेत. कोण आत आलं, कोण बाहेर राहिलं, एवढंच त्यातून कळतं. आत आल्यावर त्या मुलाचं किंवा मुलीचं वर्गात काय होतं, याबद्दल आपण बोलतच नाही. मला आज फक्त तेवढ्यावर बोलायचंय.

आपल्या चळवळीतले कार्यकर्ते जून-जुलैत किती धावपळ करतात ते मी बघते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जात पडताळणी, शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृह. हे काम फार मोलाचं आहे, माझाही फॉर्म असाच कुणीतरी भरला होता. पण फी भरली, फोटो काढला, की आपल्या लेखी त्या मुलीचं काम झालेलं असतं. खरं काम ऑगस्टमध्ये, पहिल्या तासाला सुरू होतं आणि तिथे तिच्याबरोबर कुणीच नसतं.

मी इंदापूर तालुक्यातली. जिल्हा परिषदेची शाळा, मग मराठी माध्यमाचं हायस्कूल, आणि मग पुणे जिल्ह्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठल्याही कॉलेजमध्ये घडतं. पहिल्या वर्षी आमच्या वर्गात आम्ही तीन मुस्लिम मुली होतो. शेवटच्या वर्षी मी एकटी होते. एकीने सोय बघून पुण्यात बदली घेतली, तिचं ठीक झालं. दुसरी, ती माझी रूममेट होती, तिचे दुसऱ्या वर्षात विषय राहिले आणि वायडी झाली. आता वायडी म्हणजे एक वर्ष घरी. घरात पहिल्यांदाच कुणी इतकं शिकायला बाहेर पडलेलं. अब्बांनी चार वर्षांची मुदत सगळ्या भावकीशी भांडून मिळवलेली. ते पाचव्या वर्षासाठी पुन्हा भांडणार कसे? तेवढ्यात एक स्थळ आलं. कुणी जबरदस्ती केली नाही. तीच म्हणाली, बरं आहे. मुलांच्या बाबतीत हेच जरा वेगळ्या रस्त्याने होतं. तो गॅरेजवर जायला लागतो, फळांच्या गाडीवर बसतो, आणि ‘यंदा फॉर्म भरणार आहे’ असं तीन वर्षं सांगतो.

ती मुलगी हुशार होती. लॉजिक गेट मला तिने समजावून दिले होते, आमच्या खोलीत, जेवणाच्या ताटलीत मुगाचे दाणे मांडून. वर्गात मात्र दोन वर्षांत तिने एकदाही तोंड उघडलेलं मला आठवत नाही. आणि तिला काय येतं आणि काय येत नाही हे आमच्या एकाही सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. कळायचा मार्गच नव्हता.

आमच्या वर्गात काय चालायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्याही वर्गात तेच चालतं. सर फळ्याकडे तोंड करून लिहितात. आपण उतरवून घेतो. अर्धा फळा भरला की सर वळतात आणि विचारतात, ‘समजलं का?’ पहिल्या दोन बाकांवरून ‘हो सर’ येतं. सर फळा पुसतात. प्रश्न आणि उत्तर यांच्यात किती वेळ गेला? मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात शाळांमधल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हे मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबत. जिथे शिक्षकांनी तीन सेकंद थांबायची सवय लावून घेतली, तिथे उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, आणि ज्यांना शिक्षक ‘ढ’ समजत होते तीही बोलू लागली. तीन सेकंद! एवढ्यासाठी कुठलाही जीआर लागत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे नवीन मुलगा आला, त्याने कोड लिहिला, तर त्याला ‘बरोबर आहे ना?’ असं विचारून तो कोड कुणी ग्राहकाकडे पाठवत नाही. तो चालवून बघतात, त्याच्या चाचण्या लिहितात, दुसरा माणूस ओळ न ओळ वाचतो. तो मुलगा खोटं बोलेल म्हणून हे करत नाहीत. त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं की कुठे चुकलंय. वर्गात मात्र साठ डोकी एका ‘हो सर’वर तपासून पास करतात, आणि खरी चाचणी थेट एंड-सेमला.

आता यात मुस्लिम काय आहे, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. गावाकडून आलेली मराठ्यांची पोरं, धनगरांची पोरं, दलित वस्तीतली पोरं, सगळीच गप्प असतात. गप्प बसण्याची कारणं मात्र थोडी वेगवेगळी असतात, आणि आपली कारणं मी सांगते.

आमच्या वर्गात शेख आडनावाचे तीन जण होते. एक सर हजेरी घेताना आणि एरवीही आम्हाला ‘शेख एक, शेख दोन, शेख तीन’ म्हणायचे. त्यात दुष्टपणा नव्हता, सर दिलखुलास होते, वर्ग हसायचा, आम्हीही हसायचो. पण चार महिन्यांनी माझं नाव त्यांना माहीत नव्हतं. जिचं नाव माहीत नाही तिला प्रश्न विचारता येत नाही, आणि तिनेही का म्हणून हात वर करावा? दुसरे एक सर होते, ते भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलांकडे बघून विचारायचे, ‘काय, झोप लागली का रात्री?’ पुन्हा हशा. त्या दिवशी त्या बाकावरून शंका येणार आहे का? आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली, ती कुणी बोललंच नव्हतं. प्रोजेक्टच्या वेळी सांगायचे, ‘आपापले ग्रुप करा.’ चार-चारचे ग्रुप पाच मिनिटांत व्हायचे. हॉस्टेलचे हॉस्टेलवाल्यांबरोबर, एका गावचे एकत्र, एका जातीचे एकत्र. शेवटी उरलेल्यांचा एक ग्रुप व्हायचा. त्यात मी, एक कैकाडी समाजातला मुलगा, एक वायडी होऊन मागे आलेला आणि एक जो कधी यायचाच नाही. सर म्हणायचे, तुम्ही चौघं राहिलात ना, मग तुमचा ग्रुप. याच सरांनी रोल नंबरने ग्रुप पाडले असते तर एक वाक्य कमी बोलावं लागलं असतं.

म्हणजे शिकवण्याच्या पद्धतीत जात-धर्म कुठे येतो, तर असा येतो. पुढे येऊन मागेल त्याला मिळेल, अशी वर्गाची रचना असली की ज्याच्या घरात आधी कुणी शिकलंय, ज्याचा दादा सीनियर आहे, ज्याला सरांशी बोलायची भीती नाही, तोच मागतो. बाकीचे उतरवून घेतात.

हे माझं मत झालं. आता मोजलेलं सांगते. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण साधारण ३४ टक्के होतं. जिथे तासात विद्यार्थ्यांना काही सोडवायला, चर्चा करायला, उत्तर द्यायला लावत होते तिथे ते सुमारे २२ टक्के. २०२० साली थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: फायदा कुणाचा होतो? उत्तर आलं की अशा वर्गांत वंचित गटांतली मुलं आणि इतर यांच्यातलं परीक्षेच्या गुणांचं अंतर एक तृतीयांशाने कमी होतं, आणि उत्तीर्ण होण्यातलं अंतर ४५ टक्क्यांनी. पण एक अट होती. तासाचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या कामात गेला तरच. अधूनमधून एखादा खेळ घेतला, एखादा व्हिडिओ दाखवला, याने अंतर कमी होत नाही.

लगेच उत्तर येतं की मॅडम, हे अमेरिकेत. तिथे वर्गात वीस मुलं असतात. म्हणून मुंबईचं सांगते. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात शेकडो मुलं एका सभागृहात बसतात. तिथे श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘थिंक-पेअर-शेअर’ वापरून पाहिलं आणि २०१३ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत अगदी साधी आहे. प्रश्न द्यायचा, आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याशी जोडीने बोलायचं, मग सगळ्यांसमोर चर्चा. त्यांनी मुलं त्या वेळात खरंच काय करतात याचं निरीक्षण केलं, आणि सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. शेकडो मुलांच्या हॉलमध्ये. मग आपल्या साठ मुलांच्या वर्गात अडतं कुठे?

आता मी माझी फजिती सांगते. आम्ही तीन-चार नोकरदार एक आड एक रविवारी अभ्यासगट चालवतो, एकदा इंदापूरला, एकदा बारामतीला. पहिल्या वर्षाची पंधरा-वीस मुलं-मुली येतात. मुलाणी, तांबोळी, बागवान, आतार आहेत, तसे शिंदे, कांबळे, कोकरेही आहेत. पहिले तीन महिने मी काय केलं असेल? फळ्याकडे तोंड करून शिकवलं. मध्ये मध्ये वळून विचारलं, ‘समजलं का?’ सगळे म्हणाले, ‘हो ताई.’ मला वाटलं, काय छान शिकवते मी. इन-सेमनंतर दोघींनी पेपर आणून दाखवला. मी दोन रविवार घालवून शिकवलेला प्रश्न दोघींनी कोरा सोडला होता. ज्या सरांना मी इतकी वर्षं नावं ठेवली, हुबेहूब त्यांच्यासारखंच मी शिकवत होते, कारण मला दुसरं काही कुणी दाखवलंच नव्हतं. तेव्हापासून सरांबद्दल जरा कमी बोलते.

मग आम्ही बदललं. शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने चिठ्ठीवर आज न कळलेली एक गोष्ट लिहायची, नाव घालायचं नाही. पहिल्याच दिवशी अठरा चिठ्ठ्या आल्या, त्यातल्या अकरांत एकच गोष्ट होती. तासाला अकरापैकी एकानेही हात वर केला नव्हता. तेवढी एक गोष्ट मी पुढच्या वेळी पुन्हा घेतली, आणि ज्यांना वाटत होतं की आपण एकटेच ढ आहोत त्यांना कळलं की अकरा जण आहोत.

एका रविवारी पायथॉनमधला छोटा प्रश्न दिला. ‘ए’ नावाची यादी आहे, तिच्यात १ आणि २. मग लिहिलं, बी बरोबर ए. मग बी मध्ये ३ टाकला. आता ए छापली तर काय येईल? आधी वहीत लिहा, बोलायचं नाही. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, १ आणि २. मग जोडीने बोला म्हटलं. खोलीत एकदम गलका झाला, आणि तो गलका मराठीत, दखनीत, अर्धवट इंग्रजीत होता. एक मुलगी, जी सहा महिन्यांत माझ्याशी ‘हो ताई’पलीकडे बोलली नव्हती, ती शेजारणीला सांगत होती, ‘अगे, घर एकच है. दरवाजे पे नाम की पट्टी दो लगाये.’ मी तिला ते सगळ्यांसमोर सांगायला लावलं. मग प्रोग्राम चालवला. १, २, ३ आलं. मी दहा वर्षं हे काम करते, याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नव्हतं.

हीच मुलगी वर्गात गप्प का? कारण तिथे तिला वाटतं की बोलायचं तर इंग्रजीत. आपल्याकडच्या किती मुलांचं असं आहे बघा: घरात दखनी, शाळा मराठी किंवा उर्दू, मोहल्ल्यात हिंदी, आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. त्याला विषय कळत नाही की वाक्य कळत नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. २०२१ पासून एआयसीटीईने अभियांत्रिकी प्रादेशिक भाषांत शिकवायला परवानगी दिली आहे. पूर्ण पदवी मराठीत करावी की नाही यावर माझं मत अजून पक्कं नाही, कारण नोकरीत कागदपत्रं इंग्रजीतच वाचावी लागतात. पण पेपर इंग्रजीत आहे म्हणून विचारही इंग्रजीतच करा, हा हट्ट कशासाठी? संज्ञा इंग्रजी ठेवा, भांडण कुठल्याही भाषेत होऊ द्या. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सॉफ्टवेअरचे छोटे छोटे धडे मराठीसकट अनेक भारतीय भाषांत केलेत, फुकट आहेत. ते बघा. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन प्रश्न मराठीत विचारा. सर उत्तर देतील. बारामती-इंदापुरात शिकवणाऱ्या किती सरांची स्वतःची बारावीपर्यंतची शाळा इंग्रजी होती?

यावरून जोतीराव आठवतात. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांबद्दल मागणी केली की शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, कारण ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील. अलिप्त राहणाऱ्या शिक्षकाकडून ते होणार नाही. आज आपलं विद्यापीठ सावित्रीबाईंच्या नावाने आहे आणि इथल्या वर्गांत शिकवणारे कितीतरी प्राध्यापक शेतकऱ्यांची, शेतमजुरांची मुलं आहेत. जोतीरावांची ती मागणी बऱ्याच अंशी पुरी झाली म्हणायची. मिसळणं मात्र आपोआप होत नाही. फळ्याकडे तोंड केलं की शेतकऱ्याचा मुलगाही अलिप्तच होतो.

आज प्राध्यापक मंडळीही आली आहेत, त्यांची बाजू मी सोडणार नाही. निम्मे तास तासिका तत्त्वावरच्या माणसाने घ्यायचे, त्याचं मानधन वेळेवर नाही, पुढच्या जूनमध्ये तो असेल की नाही त्याचा पत्ता नाही. जे कायम आहेत त्यांच्यावर नॅकच्या फायली, प्रवेशाच्या जाहिराती. आणि पोर्शन. ‘पोर्शन संपवायचा असतो हो,’ हे मला एका मॅडमनी इतकं काकुळतीला येऊन सांगितलं की मी पुढे बोललेच नाही. खरं आहे, चर्चेत दहा मिनिटं जातात. पण साठपैकी चाळीस जणांनी फक्त उतरवून घेतलेला पोर्शन संपला कसा म्हणायचा? आणि सरांची नोकरीच अधांतरी असेल तर त्यांच्याकडून धीराने शिकवण्याची अपेक्षा करणं सोपं नाही. रिकाम्या जागा भरा, ही मागणी प्राध्यापकांच्या संघटनेची म्हणून आपण बाजूला ठेवतो. शिष्यवृत्तीच्या मागणीइतकीच ती आपली मागणी असायला हवी.

वेळापत्रकाचंही एक सांगते. कॉलेजं कच्च्या मुलांसाठी जादा तास ठेवतात, कळकळीने ठेवतात, आणि ते संध्याकाळी पाचनंतर असतात. इंदापूर ते बारामती पन्नासेक किलोमीटर. एसटी पास काढून येणारी मुलगी पाचच्या तासाला थांबली तर घरी पोचेपर्यंत अंधार. म्हणून ती थांबत नाही, आणि नोंद होते की ‘विद्यार्थिनीने लाभ घेतला नाही’. हाच तास दुपारच्या वेळापत्रकात बसवला तर ती येईल. शुक्रवारचं तसंच. दीडच्या नमाजच्या वेळेला चाचणी ठेवली की आपली मुलं दोन्हीकडून ओढली जातात. जेवणाची सुट्टी त्या दिवशी तेवढी सरकवली तर कुणाचं काही जात नाही. यासाठी मोर्चा नको, प्राचार्यांना भेटून तोंडी सांगितलं तरी पुष्कळदा होतं. आम्ही एका ठिकाणी सांगितलं, झालं. दुसरीकडे ‘बघू’ म्हणालेत, दोन वर्षं बघतायत.

‘कच्ची मुलं’ या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाचा तरुण होता. कॅलक्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास का होतात, याचा तो शोध घेत होता. प्राध्यापकांना विचारलं तर उत्तरं तयार: जिद्द नाही, पाया कच्चा, घरचं वातावरण नाही, गरिबी. आपल्या मुलांबद्दल इथे हेच ऐकता ना? ट्राइसमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी जवळून पाहिले, ते कुठे बसतात, कसा अभ्यास करतात, सगळं. जिद्द होती, घरचा पाठिंबाही होता. फरक भलताच निघाला. चिनी मुलं आधी एकट्याने गणितं करत, मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासत, सगळ्यांनाच अडलं तर समजत की गणितच अवघड आहे. वीसपैकी अठरा कृष्णवर्णीय विद्यार्थी मात्र कायम एकटे अभ्यास करत. अडलं की त्यांना वाटे, मीच कमी आहे. त्याने मग गट सुरू केले, पण ‘कमकुवत विद्यार्थ्यांसाठी’ असं नाव दिलं नाही. चांगली अवघड गणितं दिली आणि सांगितलं, ही पुढे जाणाऱ्यांसाठी आहेत. ज्यांच्याकडून कुणाला आशा नव्हती तीच मुलं चांगले गुण मिळवू लागली.

हे वाचलं तेव्हा मला माझी रूममेट आठवली. ताटलीतले मुगाचे दाणे. खोलीत आम्ही दोघी होतो तोवर तिचं सगळं नीट चाललं होतं. दुसऱ्या वर्षी तिला दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली आणि ती एकटी अभ्यास करू लागली. मी बोलवायला जायला हवं होतं. सबमिशनच्या गडबडीत गेले नाही.

म्हणून सरांकडून जे मागायचं ते मागूच, पण एक गोष्ट आपल्या हातातली आहे. एकटं बसायचं नाही. आणि गट फक्त आपल्या-आपल्यांचा नको. आमच्याकडे शिंदे आणि शेख एका बाकावर बसतात, कारण आम्ही चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडतो आणि दर वेळी बदलतो. सुरुवातीला एका पालकांनी विचारलं, मुली मुलांबरोबर कशाला बसवता? मी त्यांना म्हटलं, या ना, मागे बसा. ते आले, दोन तास बसले, निघताना म्हणाले, ‘बच्ची इतना बोलती है, मालूम नहीं था.’ मुलगी येतेय अजून.

यात आपल्या घराचाही हिशोब आहे, तो टाळून चालणार नाही. आपल्या पोराने घरात दोनदा ‘का’ विचारलं की काय ऐकतो? ‘ज्यादा सवाल मत कर.’ ‘जबान लड़ाता है.’ मदरशात, शाळेत, जमातीत, जेवताना, सगळीकडे चांगलं पोर म्हणजे गप्प पोर. मुलगी असेल तर विचारूच नका. अठरा वर्षं आपण तिला गप्प बसायला शिकवतो आणि मग कॉलेजला दोष देतो की तिला बोलतं केलं नाही. माझ्या अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती रोज संध्याकाळी विचारायची, ‘आज क्या पूछी?’ काय शिकलीस असं नाही, काय विचारलंस. मी बऱ्याचदा खोटं सांगायचे. कॉलेजात तर चार वर्षं रोज खोटंच सांगितलं.

पुढचा अभ्यासगट येत्या रविवारी सकाळी दहाला, इंदापूरला. प्राध्यापकांपैकी कुणाला यायचं असेल तर जरूर या, पण शिकवायला नको, जोडीत बसायला. वही आणा, लॅपटॉप नसला तरी चालेल.

आता तुमचे प्रश्न. मराठी, दखनी, उर्दू, काहीही चालेल. पहिला प्रश्न मागच्या तीन रांगांतून घेणार आहे, आणि पहिला हात वर येईपर्यंत मी इथे गप्प उभी राहणार आहे.